‘शून्य व्हीओसी’चा डबा आणि आमच्या जिन्याची भिंत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीपूर्वी आपल्या दैनिकाच्या घरसजावटीच्या पुरवणीत भिंतींच्या रंगांविषयी आलेला लेख मी वाचला. डब्यावर ‘शून्य व्हीओसी’ (म्हणजे हवेत उडून जाणारी रसायने अजिबात नाहीत) असे छापलेले पाहून रंग घेतला की घरातील हवेची चिंता उरत नाही, असा त्या लेखाचा एकंदर सूर होता. लेखाचा हेतू चांगला होता आणि तारपिनात कालवायच्या ऑइल पेंटऐवजी पाण्याचा रंग घ्यावा, हा त्यातील सल्लाही योग्य आहे. मात्र रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीची सारी वर्षे काढलेल्या मला त्या ‘शून्या’विषयी तेव्हाच काही लिहावेसे वाटले होते. आळसामुळे ते राहिले. त्यानंतरच्या दोन महिन्यांत माझ्या घरात आणि आमच्या इमारतीत असे दोन प्रसंग घडले की आता लिहिणे भागच आहे. पत्र लांबले आहे. जागेअभावी काटछाट करावी लागलीच तर माझी मते कापावीत आणि आकडे राहू द्यावेत, ही विनंती.

पहिला प्रसंग ऑक्टोबरातला. मुलगी बाळंतपणासाठी माहेरी येणार म्हणून तिच्यासाठी दहा बाय बाराची खोली रंगवून घेतली. दुकानदाराने आग्रहाने महागातला, ‘शून्य व्हीओसी’ लिहिलेला रंग दिला आणि त्याच्या मशीनवर फिकट पिवळी छटा मिसळून दिली. रंग उत्तम बसला, पेंटरचे कामही स्वच्छ होते. परंतु पाण्याचा आणि अमोनियाचा वास दोन दिवसांत गेल्यावर त्याच्याखालून एक गोडसर, कुबट वास वर आला आणि तो तीन आठवडे हलला नाही. दिवसा खिडक्या उघड्या असत तेव्हा तो जवळजवळ जाणवत नसे. रात्री दार लावून झोपले की सकाळी उशीच्या अभ्र्यालाही तो येई. माझ्या पत्नीला तो नवीन चादरीचा वाटला. मला मात्र तो वास ओळखीचा होता. प्रयोगशाळेत ज्या बाटलीला तो येत असे, तिच्यावर कोणते लेबल होते, हेही आठवले. मुलीला आम्ही समोरच्या खोलीत झोपवले आणि रंगवलेली खोली महिनाभर रिकामी ठेवली.

दुसरा प्रसंग डिसेंबरातला. सोसायटीच्या सभेत जिना रंगवण्याचे ठरले आणि ठेकेदाराने त्याच कंपनीचा, त्याच मालिकेतला रंग आणला. काम रात्री जेवणे झाल्यावर सुरू करून पहाटेपर्यंत उरकायचे, म्हणजे ये-जा करणाऱ्यांचे हात लागणार नाहीत, असा हिशेब होता. आमचा जिना उत्तरेकडचा आहे. त्या भिंतीला हिवाळ्यात ऊन लागत नाही. सकाळी सातला मी खाली उतरलो तेव्हा घरातला तापमापक नेऊन भिंतीला टेकवला, तर पारा ११ अंशांवर होता. रंग वाळलेला दिसत होता, पण कोपऱ्यात जिथे तो जाड बसला होता तिथे उन्हाळ्यात तळ्याच्या तळाला पडतात तशा बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या चिरा होत्या. तळहात फिरवला तर पांढरी भुकटी हाताला लागली. ठेकेदाराचा माणूस कळवळून म्हणाला, “काकाजी, माल तर तोच आहे जी, दिवाळीत तुमच्या घरी लावला तोच.” तो खरे बोलत होता. माल तोच होता, आणि चूक त्या माणसाची एकट्याची नव्हती.

एका भिंतीवरचा वास जाता जात नाही आणि दुसऱ्या भिंतीवरचा रंग धरत नाही, या दोन तक्रारी वरवर परक्या वाटतात; प्रत्यक्षात त्या एकाच पदार्थाभोवती फिरतात. पाण्याच्या रंगातील रेझिन, म्हणजे रंगाचा थर बांधून धरणारा राळेसारखा पदार्थ, पाण्यात विरघळलेले नसते. दुधात स्निग्धांश तरंगतो तसे त्याचे कण पाण्यात तरंगत असतात, आणि त्यातला एकेक कण सर्वसाधारणपणे ०.१ ते ०.२ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या काहीशेव्या हिश्श्याएवढा असतो. रंग भिंतीवर आला की पाणी उडू लागते, कण एकमेकांजवळ येतात, दाटतात, दबतात आणि शेवटी एकमेकांत मिसळून त्यांचा सलग थर होतो. यातली शेवटची पायरी सर्वांत नाजूक आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात साबुदाण्याच्या पापड्या घालतात. साबुदाणा नीट शिजून मऊ झाला असेल तर दाणे एकमेकांना धरतात आणि पापडी काचेसारखी पारदर्शक होते, कच्चा राहिला तर दाणे पांढरेच दिसतात आणि पापडी उचलताना तुटते. रंगाचेही तसेच आहे. रेझिनचे कण कडक असतील तर पाणी उडाले तरी ते जुळत नाहीत. आणि धुता येणारा, घासता येणारा, उन्हात चिकट न होणारा रंग हवा असेल तर रेझिन कडकच घ्यावे लागते. म्हणून रंगात थोडे द्रव असे घालतात की जे कणांत शिरून त्यांना तात्पुरते मऊ करते आणि थर जुळला की हळूहळू उडून जाते. कारखान्यात आम्ही त्याला कोअलेसेंट म्हणत असू. जे उडून न जाता थरातच कायम राहते, ते प्लॅस्टिसायझर. दोघांचे काम सुरुवातीला सारखेच असते, फरक पुढच्या मुक्कामाचा.

हे काम किती बारकाईचे आहे हे आमच्या प्रयोगशाळेतल्या एका साध्या उपकरणावर डोळ्यांनी दिसे. हातभर लांबीची धातूची पट्टी, तिचे एक टोक बर्फासारखे थंड आणि दुसरे कोमट ठेवलेले. तिच्यावर पातळ इमल्शनचा, म्हणजे रेझिनचे कण तरंगत असलेल्या त्या दुधासारख्या द्रवाचा, एक पट्टा ओढायचा आणि झाकण लावून वाळू द्यायचा. तासा-दोन तासांनी पाहावे तर कोमट बाजूला पट्टा नितळ, नखाने न निघणारा, आणि थंड बाजूला पांढरा, तडकलेला. दोन्हींच्या मध्ये जिथे सीमारेषा पडते, ते त्या इमल्शनचे थर धरण्याचे किमान तापमान. कोअलेसेंटचे काही थेंब वाढवले की ती रेषा थंड टोकाकडे सरके, कमी केले की परत येई. नवीन नोकरीला लागलेल्या मुलांना मी सूत्रे शिकवण्याआधी ही पट्टी दाखवत असे. आमच्या जिन्याची भिंत त्या रात्री नेमकी रेषेच्या थंड बाजूला होती, एवढाच त्या चिरांचा अर्थ.

आता ‘शून्या’कडे येतो. व्हीओसी म्हणजे हवेत सहज उडून जाणारी सेंद्रिय संयुगे. पण ‘सहज’ म्हणजे किती, याची व्याख्या देशोदेशी वेगळी आहे. युरोपीय संघाच्या २००४ च्या रंगविषयक निर्देशात सामान्य दाबाला ज्याचा उत्कलनबिंदू २५० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी, ते व्हीओसी, अशी रेघ आखलेली आहे. त्या निर्देशाप्रमाणे २०१० पासून आतल्या भिंतींच्या मॅट, पाण्याच्या रंगाला लिटरमागे ३० ग्रॅमची मर्यादा आहे. या क्षेत्रात पिढ्यान्‌पिढ्या सर्वाधिक वापरला गेलेला कोअलेसेंट म्हणजे टेक्सानॉल या व्यापारी नावाने ओळखले जाणारे एस्टर-अल्कोहोल. त्याचे पूर्ण नाव २,२,४-ट्रायमिथिल-१,३-पेन्टेनडायॉल मोनोआयसोब्युटिरेट, जे उच्चारताना आमच्याही जिभा अडखळत. त्याचा उत्कलनबिंदू साधारण २५५ अंश आहे. म्हणजे अवघ्या पाच अंशांनी ते रेघेच्या पलीकडे पडते आणि त्या व्याख्येत व्हीओसी ठरत नाही. अमेरिकेत तेच द्रव व्हीओसीत मोजले जाते. उकळण्याशी उडून जाण्याचा संबंध किती सैल आहे, हे सांगायला रसायनशास्त्र लागत नाही. कपाटातल्या डांबरगोळ्या कोणी उकळत नाही, तरी उन्हाळाभरात त्या संपतात. २५५ अंशांना उकळणारे द्रवही भिंतीतून बाहेर येतेच, फक्त सावकाश, आठवडे आणि कधी महिने घेऊन.

इथे त्या कायद्याशी अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. तो निर्देश मुळात घरातल्या हवेसाठी केलेला नव्हता. रंगातून बाहेर पडणारी वाफ सूर्यप्रकाशात नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी मिळून जमिनीलगतचा ओझोन तयार करते, तो कमी व्हावा, हा त्याचा उद्देश होता. त्या कामासाठी लिटरमागे ग्रॅम हे माप ठीक आहे. बाहेरच्या धुरकटीसाठी आखलेली रेघ आतल्या झोपण्याच्या खोलीला लावून ‘शून्य’ जाहीर करणे, हा पुढचा व्यापारी उद्योग आहे.

लिटरमागे ग्रॅम या मापातही एक मेख आहे. समजा एका लिटर रंगात अर्धे आकारमान पाणी आहे आणि २० ग्रॅम व्हीओसी आहे. युरोपच्या पद्धतीने ते लिटरमागे २० ग्रॅम. अमेरिकेत पाणी वजा करून मोजण्याची पद्धत आहे, तिच्याप्रमाणे तेच ४० ग्रॅम. डब्यावर आकडा छापताना कोणती पद्धत घेतली ते लिहिलेले नसेल तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही. शिवाय डब्यातला आकडा हा बहुधा पांढऱ्या बेसचा, म्हणजे छटा मिसळण्याआधीच्या रंगाचा, असतो. दुकानातल्या मशीनमधून जे रंगद्रव्य पिचकारीने पडते, त्यात रंगकण ओले राहावेत म्हणून ग्लायकॉल हे सावकाश उडणारे द्रव घालण्याची जुनी चाल आहे. गडद छटेसाठी ते बरेच पडते. ग्लायकॉल न घातलेली रंगद्रव्येही आता बनतात, पण आपल्या दुकानदाराच्या मशीनमध्ये कोणती भरलेली आहेत, हे ग्राहकाला विचारल्याशिवाय कळत नाही आणि विचारले तरी बहुतेक वेळा दुकानदारालाही माहीत नसते. मी विचारले होते. त्याने मशीनचे झाकण उघडून मला नळ्या दाखवल्या, हे त्याचे सौजन्य.

माझ्या खोलीचा हिशेब असा. चार भिंतींचे क्षेत्रफळ सुमारे ४४० चौरस फूट, दोन हातांना सहा लिटर रंग लागला. रंगाची घनता १.४ धरली तर वजन ८.४ किलो. त्यात दीड टक्का कोअलेसेंट असेल, आणि हे प्रमाण अशा रंगांत अगदी नेहमीचे आहे, तर जवळजवळ १२५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक भरलेला कप. हा कपभर द्रव त्या खोलीच्या हवेतून जाणार हे ठरलेलेच आहे. प्रश्न एवढाच की किती दिवसांत, आणि त्या दिवसांत खोलीत कोण झोपणार. मी कोणाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. हे एस्टर-अल्कोहोल तीव्र विषारी नाही. त्याची तक्रार मुख्यतः वासाची आणि नाजूक प्रकृतीच्या माणसांत डोळे-घसा चुरचुरण्याची. नव्या रंगाच्या वासात अमोनिया, रेझिनमध्ये उरलेले अंश आणि रंग सडू नये म्हणून घातलेली जंतुनाशके यांचाही वाटा असतो. तरीही ज्याला ‘शून्य’ म्हणून जास्त पैसे मोजले, त्यातून कपभर काही बाहेर पडत असेल तर ते सांगितले जावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

सांगण्याची पद्धतही जगात तयार आहे. रंगवलेला नमुना ठरावीक आकाराच्या बंद पेटीत ठेवायचा, तापमान २३ अंश, आर्द्रता ५० टक्के, दर तासाला अर्धी हवा बदलायची, आणि तिसऱ्या व अठ्ठाविसाव्या दिवशी आतल्या हवेत काय काय उरले ते मोजायचे. जर्मनीत बांधकाम-साहित्याचे मूल्यमापन याच धर्तीवर होते. तिथे २८ व्या दिवशी सर्व व्हीओसी मिळून घनमीटरमागे १ मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि महत्त्वाचे म्हणजे त्याहून जड, संथपणे उडणाऱ्या संयुगांना ०.१ मिलिग्रॅमची वेगळी मर्यादा आहे. फ्रान्सने २०१२ पासून आतल्या वापराच्या रंगांवर ए-प्लस ते सी अशी श्रेणी छापणे बंधनकारक करायला सुरुवात केली. या पद्धतीत डब्यात काय आहे यापेक्षा खोलीत काय येते, हे मोजले जाते. २५० ची रेघ ओलांडून सुटका होत नाही.

अर्थात रेघेच्या या बाजूला पकडले म्हणून रंग तयार करणाऱ्याचा प्रश्न सुटत नाही, आणि या ठिकाणी आपल्या पुरवणीतील लेख मला सर्वांत अपुरा वाटला. कोअलेसेंट काढून टाकले तर त्याच्या जागी काय घातले, हा प्रश्न त्यात नव्हता. एक मार्ग असा की रेझिनच मऊ घ्यायचे. व्हिनाइल ॲसिटेटला इथिलीनची जोड दिली की इथिलीन आतूनच लवचीकपणा आणते आणि थर शून्य अंशाच्या आसपासही बाहेरून काही न घालता जुळतो. युरोपातील कितीतरी कमी उत्सर्जनाचे भिंतरंग यावर चालतात आणि छतासाठी, कमी हाताळल्या जाणाऱ्या भिंतींसाठी तो मला उत्तम मार्ग वाटतो. दुसरा मार्ग म्हणजे न उडणारे प्लॅस्टिसायझर: डायप्रोपिलीन ग्लायकॉलचे किंवा डायइथिलीन ग्लायकॉलचे डायबेन्झोएट, ट्रायइथिलीन ग्लायकॉलचे डाय-टू-इथिलहेक्सॅनोएट, अशी द्रव्ये. त्यांच्यामुळे थर थंडीतही धरतो, खोलीत वास जवळजवळ येत नाही, पेटीतल्या चाचणीत आकडे सुंदर येतात. पण ती भिंतीतच राहतात. म्हणजे भिंत कायमची किंचित मऊ राहते. ज्या गावात मे महिन्यात पारा ४५ ते ४७ अंशांवर जातो, पश्चिमेकडची भिंत दुपारी हाताला चटका देते, रस्त्यांची खोदकामे बारमाही चालतात आणि जवळच कोराडी-खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रे आहेत, तिथे मऊ भिंत म्हणजे धुळीला आमंत्रण. बाहेरच्या भिंतीवर बसलेली काळपट धूळ पावसानेही धुतली जात नाही, कारण ती वर बसलेली नसून रुतलेली असते. दारा-खिडक्यांना असा रंग दिला तर पल्ला चौकटीला चिकटतो आणि उघडताना रंगाचा पापुद्रा घेऊन येतो. पावसाळ्यानंतर ज्यांनी ही ओढाताण केली आहे त्यांना ती सविस्तर सांगायला नको. युरोपच्या हवामानासाठी जमवलेली कृती तशीच उचलून नागपुरात ‘कमी उत्सर्जन’ म्हणून विकली, तर ग्राहक तीन वर्षांत पुन्हा रंगवेल. पाच-सहा वर्षे टिकणाऱ्या थोड्या वासाच्या रंगापेक्षा तीन वर्षांनी दोनदा लावलेला बिनवासाचा रंग हवेला हलका पडतो का, याचा हिशेब कोणी मांडत नाही. मला तो पडत नाही असे वाटते. माझा कल कडक आणि मऊ अशी दोन्ही रेझिने एकाच कणात गाभा आणि कवच या रीतीने बांधण्याकडे आहे. त्यात कोअलेसेंट फार थोडे लागते आणि भिंतही चिकट होत नाही. ते महाग पडते, हे कबूल.

कायम राहणाऱ्या द्रव्यांची दुसरी बाजू आरोग्याची आहे. थॅलेट या गटातला डायब्युटाइल थॅलेट हा जुना, स्वस्त प्लॅस्टिसायझर व्हिनाइल ॲसिटेटच्या इमल्शनांत आणि डिंकांत वर्षानुवर्षे घातला गेला. त्याचा उत्कलनबिंदू ३४० अंशांच्या आसपास असल्याने व्हीओसीच्या युरोपीय व्याख्येत तोही ‘शून्य’च. मात्र त्याच युरोपात तो प्रजननाला घातक म्हणून वर्गीकृत आहे आणि फेब्रुवारी २०१५ पासून खास परवानगीशिवाय त्याचा वापर बंद आहे. असे पदार्थ हवेत कमी आणि धुळीत जास्त सापडतात. जमिनीवर रांगणारे मूल ती धूळ हातांनी तोंडात नेते. आपल्याकडे मुलांच्या खेळण्यांतील थॅलेटसाठी भारतीय मानक आहे आणि २०२१ पासून खेळण्यांना मानक चिन्ह सक्तीचे आहे. ज्या मुलाच्या हातातला खुळखुळा तपासला जातो, त्याच्या पाळण्यामागची भिंत तपासण्यात काहीही अनाठायी नाही.

तिसरा मार्ग विदर्भाला जवळचा आहे. वनस्पती तेलांतील असंतृप्त मेदाम्लांपासून केलेले एस्टर कोअलेसेंट म्हणून घालायचे. ते सुरुवातीला कणांना मऊ करतात आणि नंतर उडून जाण्याऐवजी हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून थराचाच भाग होतात. अमेरिकेत प्रोपिलीन ग्लायकॉलच्या अशा एका एस्टरला २००५ साली हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा पुरस्कार मिळाला होता. आपल्याकडे जवस आहे. पूर्व विदर्भात धानानंतर ओलीवर जवस घेण्याची रीत जुनी आहे, आणि जवसाच्या तेलात लिनोलेनिक आम्लाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असल्याने ते आपोआप वाळणारे तेल म्हणून रंगकामात शतकानुशतके वापरात आहे. कल्पना मोहक आहे, परंतु तिच्याविषयीही भाबडे राहू नये. हे तेल वाळताना ऑक्सिजनशी जी क्रिया होते तिच्यातून हेक्झानल आणि प्रोपॅनलसारखी अल्डिहाइडे सुटतात. जुन्या तेलाच्या डब्याचा, खवट जवसाच्या चटणीचा जो वास, तो त्याच घराण्यातला. शेतातून आले म्हणून ते कमी उत्सर्जनाचे, असे समीकरण पेटीतल्या चाचणीपुढे टिकत नाही. यावर काम करायला नागपूरइतकी सोयीची जागा मला तरी दुसरी दिसत नाही: १९४२ पासूनच्या आणि आता विद्यापीठ झालेल्या आमच्या एल.आय.टी.त (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत) तेलांचे आणि रंगलेपांचे तंत्रज्ञान एकाच आवारात शिकवले जाते, आणि हवेचे मोजमाप करणारी नीरी ही राष्ट्रीय संस्था याच शहरात आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या सवयींची. आपण घरे दिवाळीपूर्वी रंगवतो, सरकारी इमारतींची रंगरंगोटी हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर उरकली जाते, आणि त्यानंतर लगेच खिडक्या बंद करण्याचे दिवस येतात. रंगातून वाफ बाहेर पडण्याचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. मे महिन्यात रंगवलेली खोली सुरुवातीला जास्त वास देईल, पण खिडक्या उघड्या राहिल्या तर लवकर मोकळीही होईल. ऑक्टोबरात रंगवलेली खोली थंडीभर थोडे थोडे सोडत राहते. उन्हाळ्यात पाणी फार लवकर उडाल्याने ब्रशच्या रेघा आणि सांधे दिसतात, हे पेंटरचे म्हणणे खरे आहे, परंतु ते सकाळी लवकर काम करून आणि भिंत आधी ओलसर करून सांभाळता येते. यात कूलर आणि एसी यांचा फरकही ध्यानात घ्यावा. आपला खसचा कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि त्याला खिडकी उघडी लागते, नाहीतर खोली दमट होते. त्यामुळे कूलरची खोली आपोआप धुतली जाते. भिंतीवरचा स्प्लिट एसी मात्र खोलीतली तीच हवा फिरवत राहतो. नव्या रंगाच्या खोलीत दार-खिडक्या लावून एसी सुरू करणे, हे कपभर द्रव स्वतःसाठी राखून ठेवण्यासारखे आहे. आमच्या घरी वास ज्या एका संध्याकाळी असह्य झाला, ती ऑक्टोबरातल्या उकाड्यात एसी लावलेली संध्याकाळ होती.

आता मागणीविषयी. शिशाच्या बाबतीत आपल्या देशाने हे करून दाखवले आहे. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे नियम २०१६ मध्ये आले, १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली आणि ती डब्यावर छापावी लागते. पर्यावरणस्नेही वस्तूंसाठीचे इकोमार्कचे नवे नियमही २०२४ मध्ये आले आहेत. त्याच धर्तीवर डब्यावर व्हीओसीचा आकडा छापायचा असेल तर तो कोणत्या व्याख्येने आणि पाणी धरून की वगळून, हे छापणे सक्तीचे व्हावे. रंगवल्यानंतर २८ व्या दिवसाचे उत्सर्जन, २५० अंशांच्या वरच्या संयुगांसह, स्वतंत्रपणे लिहावे. आणि ही चाचणी २३ अंशांना होते तशीच ३५ अंशांनाही व्हावी, कारण आपल्या खोल्या वर्षातले चार-पाच महिने २३ अंशांना नसतातच. त्याच्या शेजारी एका ओळीत हा रंग भिंतीचे तापमान किती अंशांच्या खाली असताना लावू नये, तेही ठळकपणे असावे. काही कंपन्या हे माहितीपत्रकात आतल्या पानावर लिहितात. जो माणूस पहाटे ब्रश हातात घेऊन भिंतीपुढे उभा असतो, त्याच्यापर्यंत ते पान कधी जात नाही. नागपुरात २०१८ च्या २९ डिसेंबरला ३.५ अंशांची नोंद झाली होती. आपले शहर उन्हाळ्यासाठीच प्रसिद्ध असल्याने थंडीचा विचार रंग घेताना कोणाच्या मनात येत नाही.

आपल्या पुरवणीला विनंती अशी की पुढच्या दिवाळीपूर्वी असा लेख देताना जाहिरातदार कंपन्यांना ‘शून्य व्हीओसी’ आहे का, असे न विचारता थर जुळण्यासाठी काय घातले आहे, ते उडते की राहते, आणि थॅलेट आहे का, एवढे विचारावे आणि मिळालेली उत्तरे जशीच्या तशी छापावीत. ज्या कंपनीचे उत्तर येणार नाही, तिच्या नावापुढची जागा कोरी ठेवली तरी चालेल.

आमच्या जिन्याचे काम मार्चमध्ये पुन्हा करायचे ठरले आहे. पोपडे खरवडून, एक हात प्रायमर देऊन मग रंग लावायचा, काम सकाळी दहा ते चार याच वेळात करायचे आणि डबा उघडण्याआधी भिंतीचे तापमान वहीत लिहायचे, असे ठेकेदाराकडून लिहून घेतले आहे. तापमापक माझाच आहे. तो जिन्याखालच्या मीटरच्या पेटीजवळ खिळ्याला टांगून ठेवला आहे.

आपला,
एक निवृत्त रंग-तंत्रज्ञ
मानेवाडा, नागपूर